आधी रीत सांगा, मग निकाल

संविधानाचा अर्थ कसा लावायचा यावर मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत जेवढं बोललं गेलं, तेवढं त्याआधी क्वचितच बोललं गेलं असेल. विधी महाविद्यालयातला परिसंवाद असो, बार रूममधली दुपार असो की उपोषणाचा मांडव, कलम ३४२अ, आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा, घटनादुरुस्ती हे शब्द आता कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. हे चांगलंच झालं. बिघडली आहे ती वाद घालण्याची पद्धत. एका बाजूला ‘घटनाकारांच्या मनात काय होतं ते बघा’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘घटना जिवंत आहे, काळाप्रमाणे अर्थ बदलतो’ म्हणणारे, आणि दोघांच्याही खिशात निकाल आधीच लिहून ठेवलेला. माझं म्हणणं असं की या दोन पक्षांमध्ये निवड करण्यात अर्थ नाही. विचारायला हवं ते वेगळंच: वाचनाची जी रीत तुम्ही आज सोयीच्या कलमाला लावता, तीच उद्या गैरसोयीच्या कलमालाही लावाल का? रीत आधी जाहीर करा, मग ती जिथे नेईल तिथे जा. एवढी अट पाळली तर कोणत्याही पक्षाशी बोलता येतं. ती पाळायची नसेल तर कलमांचे आकडे घेण्यापेक्षा सरळ मागणी करावी. मागणी करणं काही गुन्हा नाही.

उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. ‘५० टक्क्यांची अट घटनेच्या कुठल्या कलमात आहे ते दाखवा,’ हे वाक्य आपण कित्येक भाषणांत ऐकलं. प्रश्न रास्त आहे. तो आकडा घटनेत नाही. १९६२ च्या बालाजी निकालातून तो आला आणि १९९२ मध्ये इंद्रा साहनी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो पक्का केला. म्हणजे वक्ता इथे अक्षराला धरून आहे. पाच मिनिटांनी तोच वक्ता ३४२अ वर, म्हणजे मागासवर्गांची यादी कुणी जाहीर करायची ते सांगणाऱ्या कलमावर, येतो. तिथली अक्षरं राष्ट्रपतींकडे बोट दाखवतात, तर तो म्हणतो, अक्षरं काय घेऊन बसलात, संसदेचा हेतू बघा! समोरचा पक्षही काही धुतल्या तांदळाचा नाही. ‘घटनाकारांना आरक्षण दहाच वर्षं हवं होतं’ हे तो छातीठोकपणे सांगतो. मूळ घटनेतली दहा वर्षांची मुदत कलम ३३४ मध्ये होती आणि ती लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांपुरती होती. नोकऱ्यांबद्दलच्या १६(४) ला मुदत कधीच नव्हती. आणि २०१९ मध्ये १०३ व्या दुरुस्तीने आर्थिक निकषावरचं आरक्षण आलं, पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते उचलून धरताना ५० टक्क्यांची मर्यादा अगदी ताठर नाही असं म्हटलं, तेव्हा या मंडळींना घटनाकारांच्या मनाची आठवण झाली नाही. आपला तो बाब्या! (हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे निजामकाळच्या कुणबी नोंदींचा, वाद मी यात मुद्दाम घेत नाही. जुन्या नोंदीत काय लिहिलंय हा पुराव्याचा प्रश्न आहे, कलमाच्या अर्थाचा नाही. या दोन्हींची सरमिसळ करून बरीच भाषणं गाजली, एवढंच.)

तरीही हेतूवाल्यांचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही. न्यायाधीशांना कुणी निवडून दिलेलं नसतं. शब्दांतून हवा तो अर्थ काढायची मुभा त्यांना दिली, तर लेखी घटना असून काय उपयोग? त्यांच्याकडे भक्कम उदाहरणही आहे. जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या कलम २१ चा मसुदा होत असताना ‘ड्यू प्रोसेस’ हे अमेरिकी शब्द विचारपूर्वक वगळले गेले. घटनेचे सल्लागार बी. एन. राव यांनी अमेरिकेत जाऊन न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्याशी चर्चा केली होती, आणि न्यायालयाच्या हाती एवढी सत्ता देऊ नये असा सल्ला घेऊन ते परतले. त्या जागी ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आली. १९५० मध्ये गोपालन प्रकरणात न्यायालयाने ते शब्द तसेच घेतले. १९७८ मध्ये मनेका गांधी प्रकरणात मात्र ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे असं ठरलं, म्हणजे जे शब्द समितीने गाळले होते त्यांचा आशय बऱ्याच अंशी परत आला. हे दिसत असताना ‘हेतूचा भंग झालाच नाही’ असं कोण म्हणेल? आरक्षणाच्या मर्यादेबाबतही तेच. ३० नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी राखीव जागा एकूण जागांत अल्पसंख्य, म्हणजे निम्म्याहून कमी, असाव्यात असं स्पष्ट म्हटलं होतं. ‘घटनेत कुठे लिहिलंय’ विचारणाऱ्याने त्या भाषणालाही उत्तर द्यायला हवं.

पण ‘घटनाकारांचं मन’ म्हणजे नेमकं कुणाचं? मराठवाड्याने हा प्रश्न इतरांपेक्षा मोठ्याने विचारायला हवा. घटना समितीत हैदराबाद संस्थानाच्या वाट्याच्या जागा रिकाम्याच राहिल्या. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. मसुद्यावर दिल्लीत कलमवार चर्चा सुरू झाली तेव्हा इथे लष्करी प्रशासन होतं, आणि २३ नोव्हेंबर १९४९ ला निजामाने फर्मान काढून ही घटना संस्थानाला लागू असल्याचं मान्य केलं. तीन दिवसांनी ती स्वीकृत झाली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतून तिथे आपला म्हणून पाठवलेला एकही माणूस नव्हता. मग ही घटना आपल्याला बंधनकारक आहे का? आहे, आणि पुरेपूर आहे. पण ती बंधनकारक आहे ती तिथे छापलेल्या मजकुरामुळे, जो पुढे प्रत्येक निवडणुकीत, प्रत्येक खटल्यात आपणही आपला मानला. समितीतल्या सभासदांच्या मनातल्या, न लिहिलेल्या गोष्टींनी बांधून घ्यायला आपण तिथे होतोच कुठे? हेतूवाद त्याच्या टोकाला नेला तर मराठवाड्याचा माणूस या घटनेत पाहुणा ठरतो.

दुसरी अडचण खुद्द घटनाकारांनीच उभी केली. एप्रिल १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मद्रास सरकारचा जातवार प्रवेशाचा आदेश रद्द केला. आधार होता शिक्षणसंस्थेत जातीवरून प्रवेश नाकारू नये म्हणणाऱ्या कलम २९(२) च्या शब्दांचा. घटना लागू होऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि मसुदा समितीचे अध्यक्ष कायदामंत्री होते. त्यांना तो निकाल चुकीचा वाटला, आणि पहिल्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत त्यांनी तसं संसदेत बोलूनही दाखवलं. ज्याच्या मनाचा एवढा हवाला द्यायचा तो माणूस समोर हजर होता. मग त्यांनी काय केलं? ‘माझ्या मनात हे नव्हतं’ म्हणून न्यायालयाकडे फेरविचार मागितला नाही. मागासवर्गांसाठी विशेष तरतुदीची मुभा देणारं १५(४) हे नवं उपकलम घटनेत आणलं, जूनमध्ये दुरुस्ती झाली. हेतू होता, तर तो लिहून काढला. सभेतल्या चर्चा वाचू नयेत असं मी म्हणत नाही. कलम कोणत्या दुखण्यावर आणलं होतं हे त्यांतून कळतं, शब्द दोन अर्थांचा असेल तर त्यांतला एक निवडायला मदत होते. पण शब्द एक सांगत असेल आणि चर्चा दुसरं, तर चर्चेला कलमाच्या डोक्यावर बसवता येत नाही.

आता ‘जिवंत घटना’वाल्यांकडे वळू. यांचा मुद्दा इतिहासाने जास्त पक्का केलेला आहे, आणि तो इतिहास आपल्या शेजारचाच आहे. उमरग्याहून फार लांब नसलेल्या बसवकल्याणला, म्हणजे चालुक्यांच्या कल्याणीला, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. तिच्यानुसार मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क. बंगालमध्ये जीमूतवाहनाने त्याच स्मृतिवचनांवरून दायभाग लिहिला. त्यानुसार बाप जिवंत असेपर्यंत मुलाला हक्क नाही. वचनं तीच, आणि बहुतेक देशात एक कायदा तर बंगालात दुसरा, थेट १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापर्यंत. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीळकंठाचा व्यवहारमयूख तर मुंबई इलाख्यातल्या कोर्टांत प्रमाण मानला जाई. अर्थ बदलतो, टीकाकार तो बदलतात आणि समाज त्यावर शतकानुशतकं चालतो हे नाकारायचं कसं?

नाकारायचं नाहीच. पण हीच मंडळी पुढचा भाग वाचत नाहीत. विज्ञानेश्वराने जे केलं ते ‘काळाची गरज’ असं म्हणून केलं नाही. अडचणीचं वचन त्याला सोडून देता येत नव्हतं. त्याचा मेळ इतर वचनांशी घालून दाखवावा लागत होता. वचनांत विरोध आला तर काय करायचं, सामान्य नियम कुठे थांबतो, विशेष कुठे लागतो, याचे मीमांसेचे नियम आधीपासून ठरलेले होते आणि प्रतिपक्षालाही ते पाठ होते. म्हणून तेच नियम हातात घेऊन त्याला खोडता येत होतं, आणि लोकांनी खोडलंही. आजच्या ‘जिवंत’ वाचनात नेमकं हेच हरवतं. काळ बदलला हे खरं, पण काळाने काय मागितलं हे कुणी ठरवायचं? बीडच्या ऊसतोड कामगाराचा काळ आणि दिल्लीच्या ज्येष्ठ वकिलाचा काळ एकच आहे का? मनेका गांधी निकालाचं समर्थन मी करतो, पण काळाच्या नावावर नाही. कलम १४ (समानता), १९ (भाषण, संचार वगैरे स्वातंत्र्यं) आणि २१ एकमेकांपासून तोडून वाचा असं घटनेत कुठेच लिहिलेलं नाही. गोपालनमध्ये न्यायालयाने ती तोडली; १९७० मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ते तोडणं अमान्य केलं; मनेका निकाल त्याच वाटेने आला. कार्यपद्धती मनमानी नको ही अट १४ व्या कलमातून येते. त्या युक्तिवादाला मजकुरात पाय आहेत. त्यानंतर कलम २१ मध्ये जे जे भरत गेलं त्या सगळ्याबद्दल असं म्हणता येणार नाही.

मुळात हे दोन तट आपल्याकडे आले ते अमेरिकेतून, आणि इंग्रजी नियतकालिकांतल्या विधी निबंधांनी ते जसेच्या तसे उचलले. निबंधाचा साचा ठरलेला असतो: आधी दोन अमेरिकी पंथांची ओळख, मग आपल्या निकालांची त्या दोन खान्यांत वाटणी, शेवटी ‘समतोल साधायला हवा’. समतोल हवा हे सांगायला पीएचडी कशाला करावी लागते कळत नाही. अमेरिकेत हा वाद एवढा टोकाला का गेला याचं कारण त्या निबंधांत क्वचित सापडतं. सव्वादोनशेहून अधिक वर्षांत तिथे २७ दुरुस्त्या झाल्या, त्यांतल्या पहिल्या दहा तर १७९१ मध्ये एकदमच. शेवटची मंजूर झाली १९९२ मध्ये. दुरुस्तीचा रस्ता जवळपास बंद, म्हणून सगळा भार अर्थ लावण्यावर. आपल्याकडे २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या. इथे न्यायालयाने अक्षर धरलं आणि ते लोकांना जाचक वाटलं, तर संसद ते बदलू शकते आणि बदलतेही. त्यामुळे ‘अक्षर धरलं तर पिढ्यान्‌पिढ्या अडकून पडू’ ही भीती इथे निम्मी होते, आणि ‘न्यायाधीशांनीच पुढाकार घ्यायला हवा’ ही सबबही.

३४२अ चं उदाहरण म्हणूनच मोलाचं आहे. २०१८ ची १०२ वी दुरुस्ती. राज्यांचे अधिकार जाणार नाहीत असं सरकार संसदेत सांगत होतं, न्यायालयात महान्यायवादीही तेच सांगत होते. हेतू तीन वर्षांचा, तो बाळगणारे हयात. हेतूवादाला यापेक्षा चांगलं प्रकरण मिळणार नाही. ५ मे २०२१ ला पाच न्यायाधीशांनी मराठा आरक्षणाचा कायदा एकमताने रद्द केला, पण ३४२अ वर ते तीन विरुद्ध दोन असे विभागले. दोघांनी प्रवर समितीच्या अहवालातून दिसणारा हेतू धरला. तिघांनी शब्द धरले, कारण ३४१ आणि ३४२ मध्ये हीच शब्दरचना असताना अर्थ एक आणि इथे दुसरा, हे त्यांना पटेना. इथे न्यायालयाने संसदेला डावललं असा गिल्ला झाला. घडलं काय? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १०५ वी दुरुस्ती मंजूर झाली आणि राज्यांच्या याद्यांचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहिला गेला. १९५१ चीच पुनरावृत्ती. तिघांचं वाचन मला स्वतःला जरा कोरडं वाटतं, पण त्याने कुणाचं कायमचं नुकसान झालं नाही, आणि कलम पूर्वीपेक्षा स्वच्छ झालं.

यावर सगळ्यात अवघड आक्षेप असा: दुरुस्ती त्यांनाच मिळते ज्यांच्यामागे संख्या असते. ज्यांच्यामागे नाही त्यांनी काय करायचं? शिवाय १९७३ च्या केशवानंद निकालाने, तेरा न्यायाधीशांत सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने, घटनेच्या मूलभूत चौकटीपुढे दुरुस्तीही थांबते असं ठरवलं. म्हणजे काही बाबतींत न्यायालयाचं वाचन हाच शेवट. दोन्ही गोष्टी मान्य. म्हणून तर मला कोरडं अक्षर पुरेसं वाटत नाही. कलमाचे शब्द, त्याची घटनेतली जागा, आणि ते कशासाठी आहे हे त्या मजकुरावरूनच दिसणारं प्रयोजन, असं तिन्ही धरून वाचायला हवं.

हे कसं दिसतं ते पाहायला औरंगाबाद खंडपीठाचा जन्म बघावा. १९५६ पर्यंत आपली अपिलं हैदराबादला जात, नंतर मुंबईला. २७ ऑगस्ट १९८१ ला मुख्य न्यायमूर्तींनी राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली औरंगाबादला न्यायाधीश बसवले. त्याला आव्हान मिळालं आणि खुद्द उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. विरोधातला मुद्दा फुसका नव्हता: कायमचं खंडपीठ स्थापायचा अधिकार ५१(२) ने राष्ट्रपतींना दिलेला असताना, पुनर्रचनेच्या वेळच्या (३) चा आधार पंचवीस वर्षांनी कसा घ्यायचा? १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे उलटवलं. मराठवाड्याचं मागासलेपण पाहून पाझर फुटला म्हणून कलम वाकवावं लागलं नाही. (३) मध्ये ‘अमुक मुदतीपर्यंत’ असं काही नाही, आणि उच्च न्यायालयाने लोकांच्या सोयीच्या ठिकाणी बसावं हे त्याचं प्रयोजन त्याच्याच शब्दांत दिसतं. १९८४ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने खंडपीठ कायम झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं तेही याच ५१(३) खाली. ज्या रीतीने आपल्याला मिळालं, तीच कोल्हापूरलाही लागली.

आणि हीच रीत आपल्या विरोधात कुठे जाते? कलम ३७१(२) वर. घटनेत मराठवाड्याचं नाव येतं ते तिथे. वैधानिक विकास मंडळं, विकासखर्चाचं समन्यायी वाटप, तंत्रशिक्षण आणि नोकऱ्यांची समन्यायी संधी. एक मराठी राज्य व्हावं म्हणून विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर कराराचा हवाला देऊन आपल्याकडे सांगितलं जातं की ही मंडळं हा आपला घटनात्मक हक्क आहे. करार हा सार्वजनिक दस्तऐवज आहे, प्रयोजन सांगताना तो वाचलाच पाहिजे. पण कलमाचं वाक्य असं की राष्ट्रपतींना आदेशाद्वारे राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवता येईल. ‘सोपवावीच लागेल’ असं तिथे नाही. १९५६ पासून १९९४ पर्यंत ती सोपवली गेली नाही आणि त्याने घटनेचा भंग झाला असं कुठल्या न्यायालयाला म्हणता आलं नसतं. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. ‘मंडळ द्या’ असा हुकूम न्यायालयाकडून मिळवता येईल असं, इथला असूनही, मला वाटत नाही.

मात्र मजकूर आणखी खाली वाचावा. मंडळं (क) मध्ये आहेत, निधीचं वाटप (ख) मध्ये, शिक्षण-नोकऱ्या (ग) मध्ये. तीन वेगळ्या जबाबदाऱ्या. (ख) मध्ये मंडळाचा उल्लेखही नाही. अट आहे ती फक्त राज्याच्या एकंदर गरजांच्या अधीन राहण्याची. मग मंडळ नसलं की समन्यायी वाटपाची जबाबदारीही आपोआप विझली, असं जे मंत्रालयापासून चावडीपर्यंत सगळ्यांनीच गृहीत धरलं, त्याला आधार कोणता? मंडळं न नेमता केवळ (ख) ची जबाबदारी राज्यपालांवर सोपवणारा आदेश राष्ट्रपतींना काढता येईल की नाही? माझ्या वाचनाप्रमाणे येईल. अनुशेषावर, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या तुटीवर, आपल्याकडे शेकड्यांनी निवेदनं दिली गेली, पण मी पाहिलेल्या प्रत्येकात मागणी एकच, मंडळाला मुदतवाढ. (ख) वर उभी असलेली मागणी अजून कुणी लिहून दिलेली माझ्या पाहण्यात नाही.